टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा: कूलंटची गळती शोधणाऱ्या हातपंपाचा आठ महिन्यांचा अनुभव

इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत हवेचा दाब भरून तो टिकतो की उतरतो हे काट्यावर दाखवणारा हातपंपाचा एक संच मी गेल्या मे महिन्यात ३,४०० रुपयांना विकत घेतला. बाजारात त्याला रेडिएटर प्रेशर टेस्टर म्हणतात. तशाच निळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत तोच संच निरनिराळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे माझ्या पेटीवर कोणता शिक्का आहे हे सांगून वाचकाचा काही फायदा होणार नाही. अशा संचात काय पाहून घ्यावे आणि त्याच्या सांगण्यावर किती विसंबावे हे मात्र सांगण्यासारखे आहे. या आठ महिन्यांत मी तो स्वतःच्या मोटरसायकलवर अनेकदा आणि ओळखीच्यांच्या सहा मोटरसायकलींवर वापरला. वाईजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान असलेल्या माझ्या मामांनी तो त्यांच्याकडे येणाऱ्या ट्रॅक्टरांवर वापरला. माझे मत आधीच सांगते: गाडीतले कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव, कमी होत असेल तर अंदाजाने एकेक भाग बदलण्यापूर्वी ही चाचणी व्हायलाच हवी. मात्र काट्याने दाब धरला म्हणजे गळती नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणीही करू नये. ती घाई मी केली होती, आणि त्याची हकिगत पुढे येईलच.

माझी मोटरसायकल एका सिलिंडरची, लिक्विड कूल्ड (हवेऐवजी द्रवाने थंड होणारी), सात वर्षांची आणि ४१,००० किलोमीटर चाललेली आहे. नोकरीमुळे आठवड्यातून तीन वेळा मला वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जावे लागते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. म्हणजे साधारण १२ किलोमीटरच्या अंतरात गाडीला ६०० मीटर चढावे लागते, आणि तेही पर्यटकांच्या मोटारींच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढून वारा जवळजवळ न मिळता. सहा वर्षे या घाटात गाडीने कधी तक्रार केली नव्हती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र अर्ध्या घाटातच तापमानाच्या पट्ट्या वर चढू लागल्या, पंखा थांबेचना, आणि शेवटी लाल दिवा लागला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली तेव्हा सीटखालच्या राखीव टाकीतून उकळी फुटल्यासारखा आवाज येत होता आणि कूलंटचा तो गोडसर, चिकट वास पसरला होता. चाळीस मिनिटे थांबून मी तशीच उतारावरून वाईला परत आले. टाकीतली पातळी पाहिली तर ती वरच्या रेषेच्याही थोडी वर होती. कूलंट भरपूर आहे, तेव्हा दोष दुसरीकडे असणार, असे मी धरून चालले. पुढच्या साऱ्या खर्चाचे मूळ या एका समजुतीत होते.

ज्या गॅरेजमध्ये मी गाडी दिली तिथे प्रथम थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला, मग पंख्याचा स्विच, आणि तिसऱ्या खेपेला रेडिएटर (कूलंट जिथे हवेने निवते तो भाग) धुऊन नवे कूलंट भरले. तिन्ही वेळा मिळून २,८०० रुपये झाले आणि तिन्ही वेळा गाडी घाटात पुन्हा तापली. शेवटच्या वेळी मिस्त्री म्हणाले, “ताई, उन्हाळ्यात घाटाला सगळ्याच गाड्या तापतात. टाकीत पाणी आहे ना, मग काळजी करू नका.” त्यांच्या कामात मला अप्रामाणिकपणा दिसला नाही. आपल्याकडच्या बहुतेक कारागिरांचा हात हवेने थंड होणाऱ्या गाड्यांवर बसलेला आहे. १५० सीसीची यामाहा आर१५ सन २००८ मध्ये आली, बजाजची पल्सर २०० एनएस आणि केटीएमची २०० ड्यूक सन २०१२ मध्ये आल्या, आणि रॉयल एनफील्डची पहिली लिक्विड कूल्ड गाडी, म्हणजे नवी हिमालयन, तर २०२३ मध्ये. गावोगावच्या रस्त्यांवर रेडिएटर असलेल्या मोटरसायकली मोठ्या संख्येने दिसू लागल्या त्या गेल्या दहा-बारा वर्षांतच. त्यामुळे गाडी तापली की थर्मोस्टॅट किंवा पंखा, आणि पाणी कमी झाले की वरून भरणे, एवढीच पद्धत रूढ झाली आहे. दाब मोजून पाहण्याचे साधन मी वाईत वा साताऱ्यात मोटरसायकलच्या एकाही गॅरेजमध्ये पाहिले नाही.

मामांना मी ही सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी गाडीकडे न पाहताच विचारले, “सकाळी गार असताना रेडिएटरचं टोपण काढून बघितलंस का?” मी टाकीतल्या पातळीबद्दल सांगितले. “टाकीत काय बघतीस? टाकी खोटं बोलती. आत बघ.” दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर पूर्ण निवलेले असताना, मी पेट्रोलच्या टाकीचे आवरण काढून रेडिएटरचे टोपण उघडले. आत कूलंट दिसलेच नाही. मापाच्या भांड्याने ओतत गेले तेव्हा काठापर्यंत यायला ३५० मिलिलिटर लागले. जिच्या साऱ्या यंत्रणेत जेमतेम सव्वा लिटर मावते त्या गाडीला ही तूट फार मोठी आहे.

टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे कोडे टोपणाचे काम समजल्याशिवाय सुटत नाही. रेडिएटरचे टोपण हे नुसते झाकण नसते. त्यात परस्परविरुद्ध दिशांना उघडणाऱ्या दोन झडपा असतात. इंजिन तापले की कूलंट प्रसरण पावते आणि आतला दाब वाढतो. टोपणावर छापलेल्या आकड्यापर्यंत, म्हणजे माझ्या गाडीत १.१ बारपर्यंत (बार हे दाबाचे माप), स्प्रिंगची मोठी झडप तो दाब धरून ठेवते आणि त्यापुढचे कूलंट बारीक नळीतून राखीव टाकीत सोडते. गाडी बंद होऊन निवली की कूलंट आकसते, आत निर्वात निर्माण होतो, आणि मधली छोटी झडप उघडून टाकीतले तेवढेच कूलंट परत आत ओढून घेते. मोठ्या झडपेचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग थकली तर कूलंट फार लवकर बाहेर पडते. छोटी झडप चिकटली, किंवा बारीक नळीला चीर जाऊन कूलंटऐवजी हवा आत येऊ लागली, तर बाहेर गेलेले कूलंट परतत नाही. दर फेरीला थोडे थोडे करून रेडिएटर रिता होत जातो, टाकी भरत जाते, आणि टाकीच्या पातळीवर विश्वास ठेवणारा माणूस निश्चिंत राहतो.

दाबाला इतके महत्त्व का, हेही आकड्यांतच पाहणे बरे. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते, पाचगणीच्या उंचीवर सुमारे ९६ अंशांना. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) असे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांपर्यंत तग धरते, आणि त्यावर १.१ बारचा दाब दिला की उकळबिंदू १३० अंशांच्या जवळ जातो. घाटात चढणाऱ्या इंजिनाचे कूलंट १०५ ते ११० अंशांच्या घरात सहज पोहोचते. तो पंख्याने आटोक्यात ठेवण्याजोगा, अगदी नेहमीचा प्रकार आहे. दाब टिकला नाही तर मात्र तेच तापमान उकळीचे ठरते. सिलिंडर हेडच्या सर्वांत तापलेल्या भागाशी वाफेचे बुडबुडे धरतात, वाफ उष्णता वाहून नेऊ शकत नाही, आणि पंखा, थर्मोस्टॅट व कूलंट फिरवणारा वॉटर पंप तिन्ही सुस्थितीत असूनही गाडी तापते. थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच बदलूनही माझ्या गाडीला फरक पडला नाही तो यामुळे.

आता संचाकडे वळते. पेटीत चौदा नग आहेत: पितळी नळीचा हातपंप, २.५ बारपर्यंतचा काटा, जोडनळी, दाब सोडण्याची कळ, टोपण तपासण्याचा जोडतुकडा आणि पंप रेडिएटरच्या गळ्यावर बसवण्यासाठी वेगवेगळ्या मापांचे रंगीत ॲडॉप्टर. मोटरसायकलसाठी घेणाऱ्याची पहिली निराशा इथेच होते, कारण जवळजवळ सारे ॲडॉप्टर मोटारींच्या मोठ्या गळ्यांचे असतात आणि मोटरसायकलच्या रेडिएटरचा गळा त्यांहून बराच लहान असतो. माझ्या पेटीतला एकही बसला नाही. लहान गळ्याचा ॲडॉप्टर मला ६५० रुपये देऊन वेगळा मागवावा लागला, आणि विक्रेत्याने जाहिरातीत ‘सर्व दुचाकींसाठी’ असे लिहिले होते ते वास्तविक बरोबर नव्हते. घेण्याआधी आपल्या टोपणाचा व्यास आणि गळ्याची खोली मोजून घ्यावी, आणि ती मापे विक्रेत्याला लेखी कळवून होकार मिळवावा.

खोलीचा उल्लेख मी मुद्दाम केला. रेडिएटरच्या गळ्यात दोन बैठकी असतात: वरचा काठ, आणि आत खाली टोपणाची झडप जिथे टेकते ती कड. राखीव टाकीकडे जाणारी बारीक नळी या दोहोंच्या मधोमध जोडलेली असते. ॲडॉप्टर खालच्या कडेवर नीट टेकला तरच दाब यंत्रणेत राहतो. तो फक्त वरच्या काठाला बसला तर भरलेली हवा सरळ टाकीच्या वाटेने निघून जाते. माझा ॲडॉप्टर दीड-दोन मिलिमीटरने आखूड होता. पहिल्या चाचणीत काटा अर्ध्या मिनिटात शून्यावर आला, आणि गाडीत मोठी गळती आहे असे समजून मी एक अख्खा तास बॅटरीच्या उजेडात नळ्या तपासत बसले. शेवटी राखीव टाकीत बुडबुडे येताना दिसले तेव्हा उलगडा झाला. मामांनी ट्यूबच्या रबरातून दोन मिलिमीटर जाडीचा वॉशर कापून दिला, तो ॲडॉप्टरखाली घातल्यावर काम चोख झाले. तेव्हापासून मी आधी साधन तपासते: जोडतुकड्याला चांगले टोपण लावून दाब भरते, पाच मिनिटे काटा स्थिर राहतो का हे पाहते, आणि मगच गाडीला हात लावते.

प्रत्यक्ष चाचणी सोपी आहे, पण तिचे काही नियम मोडू नयेत. इंजिन पूर्ण थंड असतानाच टोपण उघडायचे, रेडिएटर काठोकाठ भरायचा, ॲडॉप्टर आणि पंप बसवायचा, आणि टोपणावरच्या आकड्याएवढाच दाब भरायचा. मोटरसायकलची यंत्रणा लहान असल्यामुळे पंपाचे चार-सहा दट्टेच पुरतात; मोटारीच्या सवयीने जोरजोरात पंप मारणाऱ्याचा काटा क्षणात दीड बार ओलांडतो, आणि जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या कडा वा वॉटर पंपाचे सील अशा दाबाने कायमचे बिघडू शकते. दाब भरल्यावर मी पंधरा मिनिटे थांबते आणि गाडीखाली पांढरा कागद अंथरते, कारण फरशीवर न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. इंजिन थोडे जरी कोमट असेल तरी ते निवताना आतली हवा आकसून काटा आपोआप किंचित उतरतो. त्याला गळती समजू नये. शेवटी कळ दाबून दाब पूर्ण सोडल्याखेरीज ॲडॉप्टर फिरवायचा नाही.

माझ्या गाडीने १.१ बार दाब पंधरा मिनिटे जराही न हलता धरला. मग जोडतुकड्याला गाडीचे टोपण लावून पंप मारला, तर काटा ०.५ बारच्या पुढे जाईना. तिथेच झडप उघडून हवा सुटत होती. उलटून पाहिले तेव्हा रबराच्या कडेवर नखाने दाबूनही न दबणारी कडक रेघ दिसली, आणि मधली छोटी झडप पांढऱ्या क्षाराने चिकटलेली होती. ३८० रुपयांचे टोपण. थर्मोस्टॅट, स्विच आणि रेडिएटर धुण्याचे २,८०० रुपये एका बाजूला आणि हे टोपण दुसऱ्या बाजूला, यावरूनच मला हा संच मोलाचा वाटतो. नवे टोपण बसवण्याआधी मी त्याचीही चाचणी घेतली, आणि ती मला आवश्यकच वाटते, कारण दुसऱ्या एका गाडीसाठी आणलेले कोरे टोपण ०.७ बारलाच सुटले होते आणि ते दुकानात परत द्यावे लागले. त्या रात्री गाडी घाटात नेली. तापमान मधल्या पट्टीच्या वर गेले नाही, आणि सकाळी टाकीतली पातळी आदल्या दिवशीच्याच रेषेवर परत आली होती.

जुलैअखेर, साधारण ९०० किलोमीटर झाल्यावर, रेडिएटर पुन्हा ८० मिलिलिटरने कमी भरला. आता टोपण नवे, आणि थंड इंजिनावरच्या चाचणीत काटा पुन्हा तसाच स्थिर. कागदावर एकही थेंब नाही. गाडी निर्दोष आहे, हवेचा एखादा अडकलेला बुडबुडा निघून गेला असेल, असे मी ठरवून टाकले. सप्टेंबरमध्ये आणखी ११० मिलिलिटर गेले. तेव्हा मामांनी वॉटर पंपाच्या झाकणाखाली, इंजिनाच्या उजव्या बाजूला, हिरवट पांढऱ्या पापुद्र्याची एक बारीक उभी रेघ दाखवली. ती वाळलेल्या कूलंटची होती.

वॉटर पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात: एका बाजूने इंजिन ऑइल अडवणारे आणि दुसऱ्या बाजूने कूलंट अडवणारे. दोहोंच्या मधल्या पोकळीला खाली एक छोटे भोक ठेवलेले असते, जेणेकरून एखादे सील झिजले तर कूलंट ऑइलमध्ये न मिसळता बाहेर पडावे आणि मालकाला कळावे. कूलंटचे सील म्हणजे एकमेकांवर घासत फिरणारे दोन गुळगुळीत चेहरे, बहुधा कार्बनचा आणि सिरॅमिकचा. दांडा थांबलेला आणि थंड असताना ते घट्ट बसतात. दांडा फिरू लागला आणि भाग तापले की झिजलेल्या चेहऱ्यांतून थेंब निसटतो, तापलेल्या इंजिनावर तत्काळ सुकतो, आणि जमिनीपर्यंत कधी पोहोचतच नाही. थंड, थांबलेल्या इंजिनावर घेतलेली माझी चाचणी अशा गळतीला दाखवूच शकत नव्हती. संचात दोष नव्हता. त्याने दिलेल्या उत्तराचा मी काढलेला अर्थ चुकीचा होता.

हा दोष पकडण्यासाठी थंड असतानाच संच बसवून नंतर इंजिन सुरू करावे लागते. या पद्धतीबद्दल मला गंभीरपणे सावध करायचे आहे. टोपण काढलेले असल्याने दाब आपोआप सोडणारी झडप यंत्रणेत उरत नाही, आणि माझ्या संचालाही तशी झडप नाही. इंजिन तापेल तसा काटा स्वतःहून चढतो आणि कोणी लक्ष दिले नाही तर चढतच राहतो. काट्यावरून नजर न हटवता १.१ बारच्या वर जाऊ लागताच कळ दाबून दाब उतरवत राहावे लागते, आणि कळीतून येणारी वाफ चेहऱ्याच्या व हाताच्या दिशेने नसेल याची काळजी घ्यावी लागते. मी जाड हातमोजे आणि चष्मा घालून, मामा शेजारी असतानाच हे केले. आठव्या मिनिटाला त्या भोकातून पहिला थेंब दिसला. सील, दांडा आणि मजुरी मिळून १,९०० रुपये लागले. चाचणीनंतर संच काढण्यासाठी इंजिन पुन्हा पूर्ण निवेपर्यंत थांबणे भाग आहे. तापलेल्या रेडिएटरचे टोपण किंवा ॲडॉप्टर फिरवणे म्हणजे उकळते द्रव अंगावर घेणे होय.

इतर गाड्यांवरच्या अनुभवांपैकी दोन सांगण्यासारखे आहेत. एका मैत्रिणीची गाडी फक्त थंडीच्या सकाळी थेंब टाकत असे आणि दुपारी कोरडी राहत असे. रबरी नळी आणि पोलादी क्लिप थंडीत सारख्या आकसत नाहीत. पहाटे सहा वाजता, महाबळेश्वरच्या पायथ्याच्या गारठ्यात चाचणी घेतली तेव्हा क्लिपखालून पाणी झिरपताना डोळ्यांनी दिसले, आणि तीच चाचणी दुपारी घेतली असती तर काटा स्थिर राहिला असता. दुसऱ्या गाडीत प्रकार उलटा होता. तिथे थंड इंजिन सुरू करताच, कूलंट तापायला सवडही मिळण्याआधी, दहा-बारा सेकंदांत काटा थरथरत वर चढू लागला. कूलंट तापल्याशिवाय दाब वाढतो तेव्हा तो सिलिंडरमधल्या ज्वलनाचा असतो, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याचे हेड यांमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) गेलेले असते. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा निळ्या रसायनातून नेण्याची चाचणी केली. कार्बन डायऑक्साइडने ते पिवळे पडले. त्या गाडीच्या मालकाने आधी दोन वेळा रेडिएटर बदलण्याची तयारी केली होती.

कूलंट कमी होत नसताना गाडी तापत असेल तर मात्र हा संच घेऊ नये. त्याचा तिथे काही उपयोग नाही. थर्मोस्टॅट अडकलेला, पंखा किंवा त्याचा फ्यूज गेलेला, पंपाचे पाते झिजलेले, आतून क्षार धरलेला रेडिएटर, यांपैकी कशानेच दाब उतरत नाही. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक कारण असते: उसाच्या गाड्यांमागून जाताना चिखल आणि पाचटाचे बारीक तुकडे रेडिएटरच्या जाळीत बसतात, वरून दिसत नाहीत, आणि हवेची वाटच बंद करतात. मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकतात आणि मग हवा कायमचीच अडते.

रेडिएटर कशाने भरायचा याबद्दलही लिहायला हवे, कारण माझ्या टोपणाची झडप चिकटवणारा पांढरा क्षार आकाशातून पडला नव्हता. गॅरेजमध्ये आणि रस्त्यात अडल्यावर आपण सर्रास बोअरचे पाणी घालतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते जड असते आणि त्यातला कॅल्शियम तापलेल्या धातूवर थर धरतो. अडचणीच्या वेळी घरी पोहोचण्यापुरते साधे पाणी चालेल, पण त्याच आठवड्यात ते काढून टाकावे. तयार मिसळलेले कूलंट तसेच ओतावे. दाट कूलंट असेल तर त्यात बॅटरीत घालतात तसे शुद्ध पाणी निम्म्याने मिसळावे. दाट कूलंट जास्त घातले तर गाडी जास्त थंड राहील ही समजूत चुकीची आहे, कारण ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता अधिक चांगली वाहून नेते. रंगावरून प्रकार ओळखू नये. हिरवे, लाल, निळे हे रंग उत्पादकाच्या मर्जीचे असतात आणि दोन वेगळ्या प्रकारचे कूलंट मिसळल्यास जेलीसारखा गाळ होऊ शकतो. आणि चाचणीत सांडलेले कूलंट लगेच पुसून, धुऊन टाकावे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. मामांच्या दुकानात दोन कुत्री आहेत, त्यामुळे आम्ही गाडीखाली नेहमी पसरट ट्रे ठेवतो.

संचाच्या बांधणीबद्दल माझे समाधान मध्यम आहे. पंप आणि काटा भक्कम आहेत. मामांच्या दुकानातल्या दुसऱ्या काट्याशी ताडून पाहिला तेव्हा १ बारला फरक नगण्य निघाला. जोडनळीच्या खटक्याची रबरी कडी मात्र पाचव्या महिन्यात गळू लागली आणि १५ रुपयांची नवी घालावी लागली. काट्याची मोजपट्टी २.५ बारपर्यंत असल्याने ०.१ बारचा फरक वाचायला डोळे ताणावे लागतात. मोटरसायकलच्या कामासाठी दीड बारपर्यंतचाच काटा अधिक सोयीचा झाला असता. माहितीपत्रक मोटारींपुरते आहे आणि इंजिन चालू ठेवून चाचणी घेण्याच्या धोक्याचा त्यात साधा उल्लेखही नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. पेटीच्या बिजागऱ्या तिसऱ्या महिन्यात तुटल्या.

वेगळा ॲडॉप्टर धरून एकूण ४,०५० रुपये हा खर्च एका मोटरसायकलसाठी करावा असे मी म्हणणार नाही. चार-पाच जणांनी मिळून घ्यावा, किंवा आपल्या नेहमीच्या गॅरेजच्या मालकांना तो घ्यायला सुचवावे. दोन-तीन गाड्यांचे निदान अचूक झाले तरी त्यांचे पैसे सुटतील. ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांनी निदान टोपण बदलण्याचा खर्च सर्वांत आधी करावा, आणि टाकीऐवजी थंड रेडिएटरमध्ये डोकावण्याची सवय लावून घ्यावी.

वॉटर पंपाचे सील बदलल्यावर मी राखीव टाकीवर निळ्या मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवली आणि तिच्याशेजारी तारीख लिहिली. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, मी आधी रेडिएटरचे टोपण उघडते आणि मग ती रेघ पाहते. कालपर्यंत २,६०० किलोमीटर झाले आहेत. रेडिएटर काठापर्यंत भरलेला आहे आणि टाकीतली पातळी रेघेवर आहे. संच सध्या मामांच्या दुकानात आहे, लहान ॲडॉप्टर मात्र रबरी वॉशरसकट मी माझ्या टूलकिटमध्ये ठेवला आहे.